एसीतून पाणी गळतंय? गॅसचं नाव इतक्यात काढू नका

पलंगावर थेंब पडायला लागले की घरोघरी क्रम ठरलेला असतो. आधी खाली पातेलं, टपटप ऐकून झोप उडाली की पातेल्यात फडकं, आणि सकाळी मेकॅनिकला फोन. मेकॅनिक स्टुलावर चढायच्या आत निदान करून मोकळा होतो, "गॅस कमी झालाय." कधी खरंच झालेला असतो. पण बहुतेक वेळा सगळा घोळ बोटभर जाडीच्या एका नळीत असतो आणि तो घरच्या घरी निस्तरता येतो. म्हणून फोन करण्याआधी अर्धा तास द्या.

एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. एसीतून पाणी निघणं हा बिघाड नाही, भलत्या जागी निघणं हा बिघाड. ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. तीच हवा २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली की जेमतेम ११ ग्रॅम उरतं. मधलं पाणी थंड कॉइलवर दवासारखं धरतं, पातळ पत्र्यांवरून ओघळून खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी काढू शकतो. रात्रभराचं धरलं तर अर्धी बादली कुठे गेली नाही. ट्रे अगदी उथळ असतो, त्यामुळे वाट तुंबली की तासाभराच्या आत भिंतीवर ओघळ दिसतोच.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे ही तक्रार एप्रिल-मेपासूनच सुरू होते, कारण हवेत पाणी भरपूर. नागपूर-अकोल्याकडे उलटं असतं. मे महिन्यात तिथली हवा इतकी कोरडी की एसी दिवसभर चालूनही नळीतून धार अशी पडतच नाही. ट्रेमध्ये धूळ बसते, वाळते, पापुद्रा होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. जुलैत हवा दमट झाली की पहिल्याच आठवड्यात गळती. "उन्हाळाभर नीट चालला, पावसाळ्यातच काय झालं?" याचं उत्तर हेच.

आता स्टुलावर चढायच्या आधी खालूनच बघा. गळतं कुठून आणि कधी, यावरच अर्धं निदान होतं.

एका कोपऱ्यातून किंवा मागून भिंतीवर सलग ओघळ येत असेल तर ट्रे भरून वाहतोय, म्हणजे ड्रेन तुंबलाय. पुढून, हवेबरोबर तुषार किंवा थेंब उडत असतील तर ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा) मळलाय किंवा कॉइलवर बर्फ धरतोय. एसी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एकदम भसकन पाणी आलं तर तो वितळलेला बर्फ, दुसरं काही नाही. भिंतीतल्या भोकाच्या कडेने ओल येत असेल आणि एसी बंद असतानाही पाऊस पडला की वाढत असेल, तर ते एसीचं पाणीच नाही, बाहेरून येतंय. आणि फक्त फ्लॅपच्या कडेला बारीक थेंब जमून अधूनमधून एखादा पडत असेल, खोलीचं दार सताड उघडं असेल, एसीचा पंखा सगळ्यात कमी वेगावर असेल, तर त्यात बिघाड काहीच नाही. थंड फ्लॅपवर दमट हवा लागतेय, एवढंच. दार लावा, पंख्याचा वेग वाढवा, फ्लॅप आडवा ठेवा, तासाभरात थांबेल.

काहीही उघडण्याआधी रिमोटने नव्हे, एमसीबीच्या खटक्याने वीज तोडा. स्प्लिट एसीच्या बहुतेक इनडोअर, म्हणजे खोलीतल्या, युनिटमध्ये सर्किटचं कार्ड उजव्या टोकाला असतं. पाणी त्याच बाजूने येत असेल तर एसी तिथेच बंद ठेवा. कार्ड जळलं तर गळतीचा खर्च चिल्लर वाटेल.

ड्रेन तुंबला असेल तर

नळीत अडकतं काय? धूळ, कापसाचे तंतू, आणि त्यावर वाढलेला चिकट, बुळबुळीत, जेलीसारखा थर. अंधार, ओल आणि धुळीतलं खाद्य असल्यावर हा थर वाढणारच. बाहेरच्या टोकाशी कधी कुंभारमाशीचं मातीचं घर असतं, कधी झुरळ, कधी पालीचं पिल्लू.

आधी बाहेरचं टोक बघा, खिडकीतून हात पोचत असेल तरच. ग्रिलबाहेर वाकायचं नाही, छज्जावर तर उतरायचंच नाही. एसी अर्धा तास चालूनही टोकातून थेंब पडत नसेल आणि आत गळत असेल, तर नळी तुंबली हे नक्की. टोक बादलीत किंवा बाटलीत पाण्याखाली बुडालेलं असेल तर आधी ते वर काढा. टोक बुडालं की नळीतली हवा कोंडते, पाणी उतरत नाही. बाल्कनीत बादली लावणाऱ्यांकडे हा प्रकार सर्रास होतो. बादली भरत आली की पाणी घरात.

तुंबलेलं काढायचं ते बाहेरून ओढून, आतून ढकलून नव्हे. ओलं-कोरडं दोन्ही चालणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. साधा, फक्त कोरड्यासाठीचा मात्र लावू नका, मोटारीत पाणी जाईल. त्याची नळी ड्रेनच्या टोकाला लावून भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळायचं आणि दोन-तीन मिनिटं चालवायचं. आधी काही येत नाही, मग घुर्रकन आवाज होऊन काळपट-करड्या रंगाचा लपका बाहेर येतो, आणि त्यामागे पाण्याची धार. तो लपका पाहिला की पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगची आठवण करून द्यावी लागत नाही. व्हॅक्यूम नसेल तर सायकलचा किंवा फुटबॉलचा हातपंप चालतो, पण दाब बेताचा ठेवा. कॉम्प्रेसरची हवा जोरात सोडली तर आत ट्रेच्या तोंडावर नुसती खोचलेली नळी निसटते, आणि मग युनिट भिंतीवरून उतरवल्याशिवाय ती परत बसत नाही. तार खुपसणंही टाळा. पन्हाळीदार लवचीक नळी पातळ असते, टोकदार तारेने फाटते आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते.

वाट मोकळी झाली की तपासणी. पुढचं झाकण उघडा, जाळ्या काढा, कॉइलच्या पत्र्यांवरून पाव लिटर पाणी हळूहळू, एका बाजूने सोडा. उजव्या टोकाच्या कार्डापासून लांब. बाहेर एक जण उभा हवा. ओतल्यावर अर्ध्या-एक मिनिटात तिकडे धार पडायला हवी. थेंबथेंब येत असेल तर अजून अडकलंय. यानंतर साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून मिळून कपभर ट्रेच्या दिशेने सोडायचं, अर्धा तास ठेवायचं, मग लिटरभर स्वच्छ पाणी थोडं थोडं करून. संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीच किंवा मोरी मोकळी करायची पावडर इथे वापरायची नाही. ती पावडर म्हणजे कॉस्टिक. ॲल्युमिनियमचे पत्रे खाऊन टाकते. ॲसिडने तांब्याची नळी जाते, आणि ब्लीचचा वास एसी रात्रभर खोलीत फिरवत बसतो.

सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी गळायला लागलं

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिला वेगळी जागा द्यायला हवी. "काल तर माणूस धुऊन गेला, आज पाणी!" यात योगायोग नसतो. प्रेशर पंपाने कॉइल वरून मारली की वर्षभराची धूळ सुटून जाते कुठे? ट्रेमध्ये, आणि तिथून नळीच्या तोंडाशी. घाईत असलेला माणूस पुढून चकाचक करतो, नळीत पाणी सोडून बघत नाही. चिखल तोंडाशी बसतो, रात्री एसी लावला की ट्रे भरतो. म्हणून मेकॅनिकचं काम संपलं असं समजायचं ते त्याने बाहेरच्या टोकातून धार पडताना दाखवल्यावर, त्याच्या आधी नाही.

दुसरी दोन कारणं अगदी बारीक आहेत. इनडोअरच्या ट्रेला बहुधा दोन तोंडं असतात, डावं आणि उजवं. नळी एकालाच जोडलेली असते, दुसऱ्याला रबरी बूच. धुताना ते बूच निघालं आणि परत लावायचं राहिलं, किंवा जुनं होऊन ताठरलं, तर पाणी त्या कोपऱ्यातून सरळ खाली. बोटाने चाचपलं तरी कळतं. बूच पेन्सिलच्या मागच्या रबराहून थोडं मोठं असेल, पण त्याच्यापायी अख्खा पलंग भिजतो. दुसरं असं की युनिट भिंतीवरच्या पत्र्याला वर टांगलेलं आणि खाली चापांत अडकवलेलं असतं. ते काढून परत बसवताना खालचे चाप "खट्" करून बसले नाहीत तर युनिटची खालची कड भिंतीपासून सुटते, ट्रेचा कल बदलतो. दोन्ही हातांनी खालची कड भिंतीकडे दाबून बघा. हलत असेल तर मेकॅनिकला तेवढंच बसवून द्यायला सांगा.

कल बघायला गवंड्याची पाणसळ घ्या, नाहीतर मोबाइलमधली. युनिट सरळ हवं किंवा नळीच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उतरतं. उलट्या बाजूला उतरलं असेल तर नळी कितीही साफ करा, दुसऱ्या टोकाला पाणी साठून सांडणारच. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला पाच-सात मिलिमीटर खाली हवं. ते सपाट किंवा आत उतरतं पाडलेलं असलं की एसीचं पाणी बाहेर जायला कुरकुर करतं आणि पावसाचं पाणी मात्र खुशाल आत येतं. भोकाची फट बाहेरून पांढऱ्या सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा. आत कोंबलेली प्लास्टिकची पिशवी म्हणजे इलाज नव्हे.

नळीचा उतार दर मीटरला निदान एक सेंटिमीटर, दोन असेल तर बरं. मध्ये कुठे पोट पडलं, म्हणजे नळी खाली लोंबून पुन्हा वर चढली, की त्या खोलगट जागी पाणी आणि गाळ कायमचा राहतो. पन्हाळीदार नळी पाच-सात फुटांपलीकडे नेऊच नये. पुढे कडक पीव्हीसी पाइप लावावा. आतून गुळगुळीत, उतार धरणारा, साफ करायला सोपा. टेप गुंडाळताना ड्रेनची नळी तांब्याच्या नळ्यांच्या खाली हवी. वर गेली की पहिल्याच वळणाला चढाव लागतो.

बर्फ

झाकण उघडल्यावर कॉइलवर पांढरा थर दिसला तर वेगळं प्रकरण. कॉइल शून्याखाली गेली की दव बर्फ होतं, थर जाड होत जातो, हवा जायची थांबते, खोली गार होत नाही. मग तो वितळताना पाणी ट्रेच्या बाहेर, ब्लोअरवर, सगळीकडे पडतं. चाकूने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला जाऊ नका. पत्र्यामागच्या नळीला भोक पडलं की नंतर खरोखरच गॅस भरावा लागतो. एसी फॅन मोडवर टाकून दोन-तीन तास चालवा, खाली परात ठेवा.

बर्फाची कारणं दोन. एक, हवा कमी पडणं, म्हणजे मळलेली जाळी, मळलेला ब्लोअर. दुसरं, गॅस कमी असणं. आधी पहिलं निकालात काढा. जाळी उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल तर मागच्या बाजूने पाण्याची धार मारून धुवा, सावलीत वाळवा. रस्त्याकडेच्या घरात हे दर पंधरा दिवसांनी, इतरत्र महिन्याने. मग फ्लॅपच्या फटीतून टॉर्च मारून ब्लोअरच्या पात्या बघा. त्यांच्यावर काळी किनार चढलेली असेल तर नुसती जाळी धुऊन भागणार नाही, सर्व्हिसिंग लागेल. रात्री १६ अंशांवर, सगळ्यात कमी वेगाच्या पंख्यावर एसी लावायची सवय असेल तर तीही सोडा. २४ ते २६ पुरे. भारतात १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंशच ठरवून दिलेलं आहे, ते काही उगाच नाही.

एवढं करूनही बर्फ परत आला तर गॅसचा विचार करा. त्याची एक खूण घरबसल्या दिसते. आउटडोअर युनिटला दोन तांब्याच्या नळ्या येतात, बारीक आणि जाड. एसी वीस मिनिटं चालल्यावर बारीक नळीच्या नटाजवळ बर्फाची पांढरी टोपी दिसली आणि जाड नळी नीट गार लागत नसली, तर गॅस कमी असण्याची शक्यता दाट. दोन्ही गार आणि जाड नळीवरही बर्फ असेल तर बहुधा आत हवा कमी पडतेय. इन्व्हर्टर एसी कमी वेगावर असताना ही खूण फसवी ठरते, म्हणून बघताना रिमोटवर सगळ्यात कमी तापमान ठेवा.

गॅस कमी आहे असं ठरलं तरी "टाकून देतो" यावर लगेच मान डोलवू नका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी निसटतोय. नटाच्या जोडावर तेलकट डाग दिसतो का बघायला सांगा, साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायला सांगा. खाडीच्या किंवा उघड्या नाल्याच्या काठच्या इमारतींत कॉइललाच बारीक छिद्रं लवकर पडतात. गळती बुजवणं, नायट्रोजनच्या दाबाने तपासणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा-ओल काढणं आणि मग युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणं, हा खरा क्रम. आजकालच्या बऱ्याच एसींत आर-३२ असतो आणि तो थोडासा ज्वलनशील आहे. त्यामुळे गॅस आत शिल्लक असताना पेटता टॉर्च लावून डाग देणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा.

घामेजलेली नळी आणि वरच्या मजल्यांचं पाणी

कधी ट्रे कोरडा, ड्रेन मोकळा, तरी युनिटच्या मागे भिंत ओली. तेव्हा तांब्याच्या नळीवरचा काळा फोम बघा. तो फाटला, आकसला किंवा जोडाजवळ उघडा राहिला की गार तांब्याला दमट हवा लागते आणि नळीला घाम फुटतो. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून फुटतो तसाच. फोमचा नवा तुकडा घालून त्याची चीर चिकटपट्टीने पूर्ण बंद करायची. नुसती वरून टेप गुंडाळली तर महिन्याभरात पुन्हा तेच. घरात उघड्यावरून जाणाऱ्या ड्रेनच्या नळीलाही हा फोम हवा, कारण आतलं पाणी गारच असतं.

नव्या इमारतींत सगळ्या मजल्यांच्या एसींचं पाणी एका उभ्या पाइपात सोडतात. तो खाली कुठे तुंबला की वरच्यांचं पाणी सगळ्यात खालच्या, पण अडथळ्याच्या वरच्या घरात उलटं चढतं. ओळख सोपी आहे. तुमचा एसी सकाळपासून बंद आणि तरीही इनडोअरमधून पाणी. अशा वेळी मेकॅनिकला बोलावून उपयोग नाही, सोसायटीच्या प्लंबरला बोलवा. तोवर तुमची नळी उभ्या पाइपातून काढून बादलीत सोडा, टोक पाण्याबाहेर ठेवून.

फ्लॅटचं काम चालू असेल आणि ड्रेनचा पाइप भिंतीत गाडणार असाल, तर पीओपी मारायच्या आधी वरून पाच लिटर पाणी ओतून खाली तेवढंच मोजून घ्या. कंत्राटदार "होतंय हो साहेब" म्हणेल, तरी मोजा. बाथरूमच्या मोरीत सोडत असाल तर पाइपाचं टोक जाळीच्या वर ठेवा. थेट सांडपाण्याच्या पाइपात जोडलं तर कोरड्या दिवसांत गटाराचा वास आणि झुरळं त्याच वाटेने एसीत येतात.

विंडो एसीचं थोडक्यात. तो मागे किंचित, पाच-सहा मिलिमीटर, झुकलेला हवा. पुढे झुकला की पाणी खोलीत. मागच्या ट्रेमध्ये थोडं पाणी साठलेलं असणं चुकीचं नाही. बऱ्याच मॉडेलांत मागचा पंखाच ते उडवून गरम कॉइलवर मारतो, आणि छपछप आवाज त्याचाच. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळवणावर थेंब पडतात म्हणून ट्रेला खिळ्याने भोक पाडू नका, पत्रा तिथून गंजतो. मागे ड्रेनचं तोंड असतं, त्याला नळी जोडा.

बादलीत जमलेल्या पाण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यात क्षार जवळपास नसतात, पण धूळ, जंतू आणि कॉइलच्या धातूचे अंश असतात. फरशी पुसायला, फुलझाडांच्या कुंड्यांना, गाडी धुवायला चालेल. पिण्याला नाही, आणि डिस्टिल्ड वॉटर समजून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नाही.